अपस्मार आणि ‘द्येन-श्येन’ : चिनी वैद्यकातील एक कारणमीमांसा

रोगाचे नाव हे पुष्कळदा त्या रोगाच्या कारणाविषयी समाजाने केलेले पहिले अनुमान असते. अपस्माराच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. वऱ्हाडी, बंजारा समाजाची गोरबोली आणि उर्दू ज्या वाशीम जिल्ह्यात शेजारी-शेजारी नांदतात, तेथे या एका व्याधीभोवती किती निरनिराळ्या कल्पना गोळा होऊ शकतात, हे नुसत्या शब्दांवरूनही कळते. वैद्यांचा ‘अपस्मार’ स्मृती निघून गेल्याचे सांगतो. ‘मिरगी’ हा शब्द संस्कृत ‘मृगी’कडे, म्हणजे हरिणीकडे नेतो. युनानी हकिमांचा ‘सरअ’ हा शब्द ‘खाली पाडणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून आला आहे. ‘झटका’ केवळ डोळ्यांना दिसते तेवढेच सांगतो, तर ‘बाहेरची बाधा’ म्हणणारा कारण रोग्याच्या देहाबाहेर शोधतो. या मालिकेशेजारी चिनी वैद्यकातील विवेचन ठेवून पाहिले असता दोन्ही परंपरांवर बराच प्रकाश पडतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाला एक करुण संदर्भही आहे. सोलापूर येथे 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात होते, नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्याच पथकातले. 1941 मध्ये डॉ. कोटणीस बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, हपै प्रांतातील एका खेड्यात अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. ज्या व्याधीने त्यांना नेले, तिचा विचार त्या देशात सुमारे दोन सहस्र वर्षे चालू होता.

त्या विचाराचा प्राचीन आधार ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात सापडतो. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत संकलित झालेल्या या ग्रंथात, जन्मतःच जडलेला हा विकार कोठून येतो, असा प्रश्न उपस्थित केला आहे. उत्तर असे की मूल गर्भात असताना मातेस मोठा धक्का बसला तर तिची ‘छी’, म्हणजे देहात संचार करणारी जीवनशक्ती, वर चढते आणि खाली उतरत नाही. त्याचा परिणाम गर्भावर होऊन मुलास हा रोग होतो. येथे भूतपिशाच नाही, देवाचा कोपही नाही. कारण देहात आणि देहाच्या इतिहासात शोधलेले आहे.

पुढील काळातील वैद्यांनी ‘थान’ आणि ‘फंग’ या दोन संज्ञांभोवती आपली उपपत्ती उभारली. थान म्हणजे दूषित, दाट झालेला द्रव. फंग म्हणजे वारा. पचनाचे काम प्लीहेकडे आहे, असे ही परंपरा मानते. प्लीहा दुर्बल झाली की ओलावा साचतो आणि त्याचा थान बनतो. राग, भय किंवा कोंडलेली चिंता यांमुळे यकृतातील छी अडते, तिची उष्णता होते आणि त्या उष्णतेतून देहांतर्गत वारा उठतो. हा वारा साचलेल्या थानास वर उचलतो आणि हृदयाची द्वारे झाकून टाकतो. चित्ताचे स्थान हृदयात मानलेले असल्यामुळे द्वारे झाकताच शुद्ध हरपते. चौदाव्या शतकातील जू दानशी (1281–1358) यांनी या व्याधीत थानासच प्रमुख स्थान दिले.

या उपपत्तीचे सामर्थ्य असे की प्रत्येक लक्षणास तिच्यात जागा आहे. रोगी एकाएकी कोसळतो, कारण वारा एकाएकी येतो. हातपाय ताठरतात व झटके देतात, कारण स्नायू यकृताच्या अधीन आहेत. तोंडास फेस येतो व घशात घरघर होते, ती थानाची खूण. वारा शमला की थान पुन्हा खोल दडून बसतो आणि रोगी इतरांसारखा वावरू लागतो. सर्वांत अवघड प्रश्न तोच होता : जो मनुष्य काल धडधाकट होता आणि उद्याही असेल, तो आजच का कोसळला? ‘श्येन’ या चिनी चिन्हात रोगदर्शक खुणेच्या आत ‘मध्यंतर’ या अर्थाचे चिन्ह आहे. ते मुख्यतः उच्चार दाखविण्यासाठी आलेले असले, तरी अर्थानेही चपखल बसते.

आयुर्वेदासही हाच प्रश्न पडला होता. चरकसंहितेत वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे अपस्माराचे चार प्रकार सांगितले आहेत. काम, क्रोध, भय, शोक यांनी विचलित झालेल्या मनुष्याचे दोष हृदय व्यापतात, असे तेथील प्रतिपादन आहे. झटका पंधरा दिवसांनी, बारा दिवसांनी अथवा महिन्याने येतो, असेही नमूद आहे. हा रोग आपोआप येतो व आपोआप जातो, तेव्हा तो दोषजन्य नसावा, असा पूर्वपक्ष सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मांडलेला आहे. त्यावरचे उत्तर शेतकऱ्याच्या अनुभवातले आहे : पाऊस पडला तरी काही बीजे जमिनीत तशीच राहतात आणि शरदातच उगवतात, दोषांचेही तसेच.

मात्र थान म्हणजे कफ, असे सरळ भाषांतर करणे घातक ठरेल. कफ हा निरोगी देहातही आवश्यक असा दोष आहे, तर थान ही प्रत्येक वेळी विकृतीच. तसेच चिनी फंग आणि आयुर्वेदीय वात यांचे साम्य दोघांच्याही अर्थात वारा असण्यापुरते आहे. त्यांची शास्त्रे निराळी आहेत.

चिनी परंपरेत एक वेगळा सूरही उमटला. वांग छिंगरन यांनी 1830 साली असे लिहिले की या व्याधीत मूळ छी काही काळ मेंदूपर्यंत पोहोचू शकत नाही. त्यांनी दिलेले लोकनाव ‘कोकरूवारा’ अशा अर्थाचे आहे. आपली मृगी आणि चीनचे कोकरू यांचा परस्परसंबंध सिद्ध करता येत नाही. पण दोन्हीकडे झटक्यातील मनुष्यास प्राण्याचे नाव मिळाले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सातव्या शतकातील सुन स-म्याव यांच्या ग्रंथातही घोडा, बैल, मेंढी, डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी यांच्या नावांनी प्रकार वर्णिलेले आहेत.

आजचे वैद्यकशास्त्र अपस्माराचे मूळ मेंदूतील पेशींच्या अनियंत्रित विद्युत्स्रावात पाहते. मानवी मेंदूतील विद्युत्क्रियेचे आलेखन हान्स बर्गर यांनी प्रथम 1924 साली केले. जन्मवेळची इजा, डोक्यास मार, पक्षाघात, आनुवंशिक दोष, मेंदूतील संसर्ग ही काही कारणे. भारतात डुकरातील फीतकृमीची अंडी दूषित भाजीपाला अथवा पाणी यांतून पोटात जाऊन मेंदूत गाठी होणे, हेही एक महत्त्वाचे कारण आहे. शाकाहारी मनुष्यही त्यातून सुटत नाही. पुष्कळ रोग्यांत मात्र कारण सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा विकार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी सुमारे 70 टक्के लोक झटक्यांवाचून जगू शकतील. चिनी औषधींची परिणामकारकता सिद्ध करण्यास आजवरच्या चाचण्या पुरेशा ठरलेल्या नाहीत. शिवाय जुन्या योगांत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे संयुग, असे.

मग जुन्या कारणमीमांसेचा आज विचार कशासाठी? कारण सांगणे म्हणजे दोष कोणाचा हेही सांगणे, म्हणून. चिनी ग्रंथाने मातेच्या भयास कारण ठरविले. चरकसंहितेच्या शारीरस्थानात कलहशील गर्भिणीस अपस्मारी मूल होते, असे म्हटले आहे. भूताच्या जागी देह आला, पण दोषाचे ओझे स्त्रीच्या माथी राहिले. ‘द्येन’ या शब्दाला वेडेपणाची छटा आहे. म्हणूनच हाँगकाँगमध्ये 2010 साली ‘मेंदूचा श्येन’ अशा अर्थाचे नवे नाव स्वीकारण्यात आले. आपल्याकडे हिंदू विवाह अधिनियमात 1976 च्या दुरुस्तीने वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांशेजारी अपस्माराचे नाव बसविले आणि विवाहास ती आडकाठी ठरली. ते नाव 1999 साली वगळण्यात आले. मधली तेवीस वर्षे एका शब्दाच्या शेजाराने अनेक मुलींच्या व मुलांच्या आयुष्यावर सावली धरली.

कायद्यातून गेलेला शब्द घरातून लगेच जात नाही. अजूनही झटका आलेल्या मनुष्याच्या नाकाशी कांदा किंवा चामड्याचा जोडा धरला जातो, आणि उपवर मुलीच्या गोळ्या पाहुण्यांपासून लपविल्या जातात. अशा वेळी रोग्यास कुशीवर वळविणे, तोंडात काहीही न घालणे, झटका पाच मिनिटांहून अधिक चालल्यास तत्काळ रुग्णालयात नेणे आणि चालू औषध मनाने न थांबविणे, एवढे कळले तरी पुष्कळ साधेल. शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने यात एवढीच भर घालावी की ‘मिरगीवाली’ हे माणसाचे नाव नव्हे. तिला झालेला आजार तेवढा अपस्मार आहे.