नेट बंद, पण सही कोणाची?

बालाघाट जिल्ह्यातली खैरलांजी तहसील मध्य प्रदेशात आहे, पण तिची वेस महाराष्ट्राला लागून आहे. २००६ च्या हत्याकांडामुळे देशाला माहीत झालेले भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी ते वेगळे. या भागात वैनगंगा आणि बावनथडी या नद्यांनी दोन राज्यांची हद्द आखली आहे. पलीकडे गोंदियाचा तिरोडा आणि भंडाऱ्याचा तुमसर. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. राज्ये वेगळी झाली तरी सोयरिकींना नदी कधी आडवी आली नाही. मोबाइलच्या लहरींनाही येत नाही.

कायद्याला मात्र येते. महाराष्ट्र सरकारने उद्या गोंदिया जिल्ह्यात इंटरनेट बंद करण्याचा आदेश काढला, तर तो आदेश नदीच्या अलीकडे लागू नाही. पण आदेश जिल्ह्याचा असला तरी अंमल होतो टॉवरवर. ज्याचा फोन पलीकडच्या टॉवरला लागलेला असेल, त्याचे नेट मध्य प्रदेशात बसूनही जाऊ शकते. आणि भोपाळहून आदेश निघाला, तर नदीपलीकडे जाऊन बसणाऱ्याला नेट मिळू शकते. इंटरनेटला सरहद्द नसते, हा सर्वांत लाडका गैरसमज नदीकाठच्या गावात सर्वांत आधी उघडा पडतो.

आफ्रिकेत एका देशाने हे प्रत्यक्ष भोगले आहे. कॅमेरूनच्या वायव्य आणि नैऋत्य या दोन प्रांतांत इंग्रजी चालते, बाकी देशात फ्रेंच. कोर्टांत आणि शाळांत फ्रेंच लादली जात असल्याच्या रागातून तिथल्या वकिलांनी आणि शिक्षकांनी आंदोलन केले. १७ जानेवारी २०१७ रोजी सरकारने फक्त या दोन प्रांतांचे इंटरनेट तोडले. ते परत आले एप्रिलमध्ये, ९३ दिवसांनी. ब्वेया या शहरात तरुणांनी सॉफ्टवेअरचे छोटे छोटे उद्योग उभे केले होते. त्या परिसराला लोक कौतुकाने सिलिकॉन माउंटन म्हणत. कामाच्या मुदती, ग्राहक, पैसे, सगळे एका रात्रीत अडले. मग ही मुले लॅपटॉप पाठीला लावून प्रांताची हद्द ओलांडून बोनाको नावाच्या खेड्यात जाऊ लागली. तिथे एक खोली घेऊन त्यांनी काम सुरू ठेवले आणि त्या जागेला नाव दिले इंटरनेट निर्वासितांची छावणी. देश तोच, सरकार तेच. फरक होता तो फक्त आदेशात लिहिलेल्या प्रांताच्या नावाचा.

हे वाचून पुष्कळांच्या मनात येते की आफ्रिकेतल्या हुकूमशाह्यांत असे चालायचेच, आपल्याकडे लोकशाही आहे. हा दुसरा गैरसमज, आणि तो जास्त घातक आहे. ॲक्सेस नाऊ ही संस्था जगभरच्या इंटरनेटबंदीची दरवर्षी मोजदाद करते. २०१८ पासून २०२३ पर्यंत सलग सहा वर्षे या यादीत पहिला क्रमांक भारताचा होता. २०२४ मध्ये म्यानमार पुढे गेला, तोही ८५ विरुद्ध ८४ असा एकाच घटनेने. मध्य प्रदेशात जून २०१७ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी मंदसौर परिसरात, एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये ग्वाल्हेर, भिंड, मुरैना भागात नेट बंद झाले. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती, जून २०२३ मध्ये कोल्हापूर, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर. सरकारदरबारी मात्र याची एकत्रित नोंदच नव्हती. गृह मंत्रालय किंवा दूरसंचार विभाग यांपैकी कोणीही असा हिशोब ठेवत नाही, हे संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात नोंदवले. एखादी गोष्ट किती वेळा केली हेच माहीत नसेल, तर तिचा उपयोग झाला की नाही हे कशावरून ठरवणार?

नेट गेले की आपण ‘गेले’ म्हणून मोकळे होतो, पाऊस गेला म्हणावे तसे. पण सरकारी आदेशाने गेलेल्या नेटमागे एक कागद असतो, त्यावर तारीख असते आणि सही असते. ती सही कोणाची, याबद्दलही बराच घोळ आहे. जिल्हाधिकारी किंवा ठाणेदार फोन करून नेट बंद करवतो, असे सर्रास मानले जाते. २०१७ पर्यंत हे अगदीच खोटे नव्हते, कारण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली जिल्हा पातळीवरूनच असे आदेश निघत. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने स्वतंत्र नियम केले. तेव्हापासून हा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा आहे. अगदीच अटळ प्रसंगी, आधी अधिकार दिलेला सहसचिव दर्जाचा अधिकारी आदेश काढू शकतो, पण त्याला गृहसचिवाने चोवीस तासांत मान्यता द्यावी लागते, नाहीतर आदेश संपला. मोबाइल कंपनीपर्यंत तो कागद पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच जायला हवा. नंतर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती पाच दिवसांत तो आदेश तपासते. नोव्हेंबर २०२० मध्ये कमाल मुदत १५ दिवसांची झाली. दूरसंचार कायदा, २०२३ खाली नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली: आदेश कारणासह, ठिकाण आणि मुदत सांगून, जाहीर केला पाहिजे.

जाहीर करण्याची ही अट सरकारला आपणहून सुचलेली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचे सारे संपर्क तोडले गेले तेव्हा काश्मीर टाइम्सच्या संपादक अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० रोजी न्या. एन. व्ही. रमणा, न्या. आर. सुभाष रेड्डी आणि न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. बेमुदत इंटरनेटबंदी चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध करावेच लागतील, म्हणजे ते कोर्टात आव्हान देण्याजोगे राहतील, असे त्यात सांगितले. न्या. गवई अमरावतीचे. त्याच अमरावतीत पुढच्या वर्षी नेट बंद झाले.

या निकालाभोवतीही एक गैरसमज वाढला आहे. इंटरनेट हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केले, असे अनेक ठिकाणी छापून येते. न्यायालयाने तसे म्हटलेले नाही. इंटरनेटवरून केलेले भाषण आणि इंटरनेटवरून केलेला व्यवसाय यांना राज्यघटनेच्या कलम १९ चे संरक्षण आहे, एवढे ते म्हणाले. इंटरनेट मिळण्याचा हक्क मूलभूत आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी उघडलाच नाही. केरळ उच्च न्यायालयाने मात्र सप्टेंबर २०१९ मध्ये, वसतिगृहात मोबाइलवर बंधने घातलेल्या एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर, हा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला होता. बातमी वाचताना हा फरक लक्षात ठेवला पाहिजे, कारण नसलेला हक्क गृहीत धरणारा माणूस असलेली तरतूद वापरायला विसरतो.

नेटबंदीने फक्त अफवा थांबतात, सभ्य माणसाचे काय बिघडते, असेही ऐकू येते. बालाघाट हा धानाचा जिल्हा. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आधारभूत भावाने धान विकायचे तर ई-उपार्जन पोर्टलवर नोंदणी करून दिवस घ्यावा लागतो. तो दिवस हुकला तर ट्रॉलीत भरलेले धान तसेच राहते. रेशन दुकानात अंगठा मशीनवर लावावा लागतो आणि ते मशीन नेटवर चालते. मनरेगाची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवरून, फोटोसह, सक्तीची झाली. किराणा दुकानापासून खताच्या दुकानापर्यंत क्यूआर कोड चिकटलेले आहेत. शहरातल्या माणसाला नेटबंदीत वायफायचा आधार सापडतो, कारण बऱ्याचदा फक्त मोबाइल डेटा बंद केला जातो. खेड्यात मोबाइल डेटा हेच नेट असते. सरकारने कामे नेटवर नेली ती सोय म्हणून. मग नेट तोडताना त्या कामांची पर्यायी व्यवस्थाही त्याच आदेशात लिहिली पाहिजे.

फुकट नेटचा गैरसमज अलीकडच्या पिढीला आठवणार नाही, पण तो महाराष्ट्रातही आला होता. जुलै २०१४ मध्ये फेसबुकने झांबियात ठरावीक वेबसाइट फुकट दाखवणारी योजना सुरू केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती महाराष्ट्रासह भारतातल्या काही राज्यांत आली आणि पुढे फ्री बेसिक्स झाली. डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहून तिची बाजू मांडली. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचे उदाहरण होते, ज्याला तिथून हवामानाची माहिती मिळे. गरिबाला फुकट मिळत असेल तर कोणाचे काय जाते, असा तो युक्तिवाद होता. जाते ते असे: शेतकऱ्याने कोणती वेबसाइट पाहायची, हे कंपनी ठरवणार. उद्या तुमसरच्या एखाद्या तरुणाने धानाच्या भावाची चांगली वेबसाइट काढली, तरी ती फुकटच्या यादीत नसेल तर तिला ग्राहक मिळणार नाही. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ट्रायने वेबसाइटनुसार वेगळे दर लावायला मनाई केली आणि फ्री बेसिक्स भारतातून गेले. आफ्रिकेतल्या अनेक देशांत ते चालूच राहिले.

युगांडाने तर उलट टोक गाठले. जुलै २०१८ पासून व्हॉट्सॲप, फेसबुक वापरायचे तर दिवसाला २०० शिलिंग कर. लोकांनी व्हीपीएन वापरून तो चुकवायला सुरुवात केली. २०२१ मध्ये तो कर गेला, पण त्या जागी इंटरनेट डेटावरच १२ टक्के कर आला. म्हणजे आता गप्पा मारणारा आणि बातमी वाचणारा, दोघेही कर भरू लागले.

नेट उपग्रहावरून, आकाशातून येते, हाही समज आहे. खेड्यातला टॉवर उंच दिसतो म्हणून असेल. प्रत्यक्षात देशोदेशींच्या दरम्यानची जवळजवळ सगळी वाहतूक समुद्रतळाच्या केबलींतून होते, आणि भारतातले तिचे सर्वांत मोठे दार मुंबई आहे. २००९ मध्ये सुरू झालेली सीकॉम केबल मुंबईला केनिया, टांझानिया, मोझांबिक, दक्षिण आफ्रिकेशी जोडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात सीकॉमसह तीन केबली तुटल्या. दुरुस्तीच्या जहाजाला येमेनच्या पाण्यात शिरायला परवानगी हवी होती आणि त्या देशात सत्तेचे दावेदारच एकाहून अधिक. काम महिनोन्‌महिने लांबले. मार्चमध्ये आयव्हरी कोस्टजवळ आणखी चार तुटल्या आणि पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक देशांचे नेट कोलमडले. पाण्याखालच्या तारेलाही शेवटी कोणाची तरी सही लागते.

आणि सगळ्यांवर कडी करणारी समजूत: इंटरनेटचा मालक अमेरिका. नावे आणि पत्ते यांची व्यवस्था पाहणारी आयकॅन ही संस्था कॅलिफोर्नियात आहे हे खरे, पण अमेरिकी सरकारची तिच्या या कामावरची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली. फोनला लागणारे आयपी क्रमांक पाच प्रादेशिक संस्था वाटतात. आपली एपनिक ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला, आफ्रिकेची आफ्रिनिक मॉरिशसमध्ये. दिलेले पत्ते खंडाबाहेर वापरले जात असल्याच्या मुद्द्यावरून आफ्रिनिक आणि एक मोठा सदस्य यांच्यात कज्जे सुरू झाले, २०२१ मध्ये तिची बँक खाती गोठली आणि २०२३ मध्ये न्यायालयाला तिच्यावर रिसीव्हर नेमावा लागला. जून २०२५ ची निवडणूक रद्द झाली; नवे संचालक मंडळ सप्टेंबरात आले. एका अख्ख्या खंडाचे पत्ते एका बेटावरच्या कोर्टकज्ज्यात अडकू शकतात, हे या निमित्ताने जगाला कळले.

आपले कोण ऐकणार, ही हताशाही तपासून पाहिली पाहिजे. २०१५ मध्ये ट्रायने मते मागवली तेव्हा दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले आणि पुढच्या वर्षी वेबसाइटनुसार वेगळ्या दरांना मनाई झाली. २०१७ ची टोगोमधली नेटबंदी बेकायदा होती, असा निकाल पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामाईक न्यायालयाने जून २०२० मध्ये दिला आणि तक्रारदारांना २० लाख फ्रँक भरपाई द्यायला लावली. झिंबाब्वेत जानेवारी २०१९ मध्ये इंधन दरवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर आले तेव्हा सुरक्षामंत्र्यांच्या आदेशाने नेट गेले. उच्च न्यायालयात प्रश्न आला तो असा, की कायद्याने हा अधिकार नेमका कोणाला दिला आहे? राष्ट्राध्यक्षांना, मंत्र्याला नव्हे, असे न्यायालयाने सांगितले आणि २१ जानेवारीला तो आदेश रद्द ठरवून नेट चालू करायला लावले.