आधी दाते मोजा, मग वजन

भिवंडीच्या सायकलस्वाराला कसारा घाट गाठायचा तर आधी मुंबई-नाशिक महामार्गावरून पडघा, शहापूर, खर्डी असं साठ किलोमीटरांहून जास्त अंतर कापावं लागतं, तेही गोदामांकडे वळणाऱ्या कंटेनरच्या सोबतीनं. जून 2025 मध्ये आमणेपर्यंत खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गावर सायकलला मज्जाव आहे. म्हणजे चढ सुरू होण्याआधीच पाय थकलेले असतात. म्हणून घाटासाठी कार्बन सायकल घेणाऱ्यानं वजनाआधी मागच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे, दाते पाहावेत, असं माझं ठाम मत आहे. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत सुमारे 300 मीटर उंची चढायची असते. शेजारच्या लोहमार्गाचा चढ 37 मीटरला 1 मीटर आहे, तरी गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. सायकलस्वार सतत 200 वॅट जोर लावत असेल, तर सायकल एक किलोनं हलकी झाल्यावर या चढाईत वाचतात जेमतेम 15 सेकंद. कारण स्वार आणि सायकल मिळून वजन 80 किलोंच्या घरात, त्यातला एक किलो म्हणजे सव्वा टक्का. दात्यांचा हिशेब फार मोठा आहे. पाय थकून वेग ताशी 9 किलोमीटरवर आला की पुढे 39 आणि मागे 25 दाते असलेल्या सायकलचं पॅडल मिनिटाला पंचेचाळीसेक फेरे घेतं आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. पुढे-मागे 34 दाते असतील, तर त्याच वेगाला सत्तरेक फेरे पडतात. गिअर बदलायची वेळही सांभाळावी लागते. चेन ताणलेली असताना लिव्हर दाबला तर ती करकरत वर चढते; वळणाआधीच पायाचा जोर क्षणभर सैल केला तर अलगद बसते.

शर्यतीत सेकंदही मोलाचे, हा आक्षेप खरा आहे. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ बोरघाटात ठरतो, आणि आंतरराष्ट्रीय शर्यतींत सायकल 6.8 किलोंपेक्षा हलकी चालत नाही. पण तो स्पर्धकाचा प्रश्न झाला. कार्बन फ्रेम रस्त्याचे हादरे गिळते, असंही सांगतात. त्याहून जास्त हादरे 28 मिलिमीटरचा टायर बेताच्या हवेवर गिळतो. उतारावर तर रिमला घासणाऱ्या ब्रेकनं कार्बन रिम तापतो, म्हणून डिस्क ब्रेकच हवेत. शिवाय ॲल्युमिनियमला पोचा पडलेला दिसतो, कार्बनची चीर रंगाखाली लपू शकते. खड्ड्यात जोरात आपटलेली फ्रेम जाणकाराला दाखवल्याशिवाय घाटात नेऊ नका.