नागपूरहून आणलेला फ्रिज बिघडला, तर तक्रार कुठं करायची?

पांढुर्णा/सौंसर : लगीनसराई असो की संत्र्याचा पैसा हाती आलेला असो, फ्रिज, टीव्ही, एसी घ्यायचा म्हटलं की इकडची गाडी नागपूरकडेच वळते. सीताबर्डीत माल भरपूर, भावात घासाघीसही होते. अडचण येते ती नंतर. मशीन बंद पडली की नागपूरचा दुकानदार म्हणतो, “कंपनीला फोन लावा”, आणि गावातला मेकॅनिक म्हणतो, “माल महाराष्ट्राचा आहे, तिकडंच न्या.”

यात दुकानदाराचं म्हणणं बरचसं खरं आहे, मेकॅनिकचं नाही. कंपनीची वॉरंटी भारतात विकलेल्या मालावर साधारणपणे देशभर चालते, राज्याची सीमा तिला लागत नाही. मात्र कॉल नोंदवताना मशीन जिथं बसवली आहे तिथलाच पिनकोड द्यावा : पांढुर्ण्याचा 480334, सौंसरचा 480106. पुष्कळ जण बिलावरचा नागपूरचा पत्ता सांगतात, मग माणूस तिकडच्याच सेंटरचा नेमला जातो आणि “आमच्या एरियात येत नाही” म्हणून कॉल बंद होतो. दुकानाने स्वतःहून दिलेली ‘एक्स्ट्रा वॉरंटी’ हा वेगळा प्रकार आहे. ती कोण देतो आणि मेकॅनिक आपल्या गावापर्यंत येईल का, हे पैसे देण्याआधीच लिहून घ्यावं. तोंडी शब्दाला इथं किंमत नाही.

महाराष्ट्रात टॅक्स कमी लागतो, हा समज अजून गेलेला नाही. व्हॅटच्या काळात राज्याराज्यांत फरक असे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ते संपलं. फ्रिज, वॉशिंग मशीनवर 18 टक्के आहे, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून एसी व 32 इंचांवरचे टीव्हीही 28 वरून 18 वर आले. बिलावर पांढुर्ण्याचा पत्ता लिहिला तर 18 टक्के आयजीएसटी लागतो, नाही लिहिला तर 9 सीजीएसटी आणि 9 एसजीएसटी. खिशातून जाणारी रक्कम तीच. तेव्हा आपला खरा पत्ता टाकायला सांगण्यात नुकसान काहीच नाही, उलट राज्याच्या वाट्याचा कर मध्य प्रदेशाला मिळतो. “बिल नको, हजार कमी करतो” या बोलण्याला मात्र भुलू नये. बिल नसेल तर वॉरंटीचा दावा अडतो आणि तक्रारीलाही आधार राहत नाही. बिलावर मशीनचा सीरियल नंबर आहे ना, तेही दुकानातच पाहून घ्यावं. दुकानदार स्वतःच्या गाडीने माल पाठवणार असेल आणि किंमत 50 हजारांवर असेल, तर ई-वे बिल काढणं त्याचं काम.

फ्रिज गाडीत उभाच आणावा. आडवा आणावाच लागला, तर घरी आल्यावर काही तास उभा ठेवून मगच सुरू करावा. आडवं ठेवल्याने कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत उतरलेलं असतं. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की खेड्यात व्होल्टेज पडतं, म्हणून स्टॅबिलायझरचा खर्च आधीच धरावा. अमेरिकेतून कोणी मिक्सर पाठवला असेल तर तो 120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टवर तो थेट लावला की जळालाच.

आता मुख्य गोष्ट. 1986 च्या जुन्या ग्राहक कायद्यात जिथं दुकान किंवा कंपनीची शाखा, किंवा जिथं व्यवहार झाला, तिथं तक्रार करावी लागे. म्हणजे इकडच्या माणसाला बहुतेक नागपूरच्या चकरा. दहा हजारांच्या टीव्हीसाठी कोण जाणार? 2019 चा कायदा जुलै 2020 मध्ये लागू झाला आणि ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येऊ लागली. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्याही भरता येते.

त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. कंपनीकडे केलेल्या प्रत्येक कॉलचा नंबर आणि तारीख मात्र बिलाच्या मागं लिहून ठेवावी, पुढं आयोगात तेच कामी येतं.