सरासरी छान, पण कळप आजारी! छेदात कोण आहे?

वराहपालनाचा डेटा हाताळताना पहिल्या वर्षी मी एक ढोबळ चूक केली. एका वेताला सरासरी किती पिल्लं होतात, तेवढंच बघितलं. आकडा चांगला आला, म्हणून 'कळप निरोगी' असं लिहून मोकळा झालो. गाईडनी एकच प्रश्न विचारला, "ज्या व्यायल्याच नाहीत, त्या कुठे गेल्या?"

पीआरआरएस हा प्रजनन आणि श्वसनाचा रोग घ्या. त्याचा विषाणू १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या लेलिस्टाड इथे वेगळा केला गेला. यात माद्या अनेकदा शेवटच्या महिन्यात गाभडतात. गाभडलेली मादी व्यायलेल्यांच्या यादीत येतच नाही. म्हणजे ज्या जनावराला फटका बसला, तेच सरासरीतून गळतं.

मग मोजायचं काय? साधं गणित करू. गाभणकाळ साधारण ११४ दिवस, पिल्लं अंगावर २८ दिवस, पुन्हा माजावर यायला ५ दिवस. एकूण १४७. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त अडीचच्या आसपास वेतं. रेतन वाया जाऊन मादी उलटली, की २१ भाकड दिवस वाढले. उशिरा गाभडली तर कितीतरी जास्त. म्हणून रेतन केलेल्या प्रत्येक मादीमागे वर्षाला किती पिल्लं दूध तुटेपर्यंत जगली, ते मोजतात. यात न व्यायलेलीही छेदात राहते.

तुमचा विषय कुठलाही असो, सरासरी काढण्याआधी छेदातून कोण गळलंय ते बघा. मला तो अख्खा चॅप्टर पुन्हा लिहावा लागला.