मुदतीपूर्वीची फेड
ऋण आणि विवेक : लेखांक ७

गेल्या लेखांकात मासिक हप्त्याची फोड करताना आपण पाहिले की, बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या हप्त्याच्या पोटात मुद्दल आणि व्याज यांचे प्रमाण दरमहा पालटत असते. आरंभी व्याजाचा वाटा सर्वाधिक असतो आणि पुढे तो झिजत जातो. तो मजकूर वाचून, हिशेब खात्यात सारी नोकरी घालवून निवृत्त झालेले माझे एक शेजारी रविवारी सकाळी आपली खातेवही काखेत मारून माझ्याकडे आले. आमच्या भागात बेसा चौकातून मनीषनगरकडे सकाळी जी वाहनांची रांग लागते तिच्यात उतारवयात दुचाकी हाकणे नको, म्हणून त्यांनी दसऱ्याला मोटार घेतली होती. पैशाची तजवीज लवकरच व्हायची होती. परंतु विक्रीदालनातील तरुणाने त्यांना आर्जवाने सांगितले होते, ‘‘काका, लोन आमच्याकडूनच करा न, पंचवीस हजारांची सूट मिळते. फक्त सहा हप्ते भरा, अन् मग बंद करून टाका.’’ काकांनी मान हलवली, सूट घेतली, कर्जरोख्यावर सह्या केल्या. चार हप्ते भरून झाले आणि त्यांची मोठी मुदतठेव हाती आली. आता त्यांचा प्रश्न असा की, उद्याच जाऊन कर्ज बेबाक केले तर हिशेबाने ते शहाणपणाचे ठरेलच. पण ते अप्रामाणिकपणाचे ठरेल काय?

आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमाखर्चाची रुजुवात केलेल्या मनुष्याला पडलेला हा प्रश्न क्षुल्लक म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. कारण त्याच्या मुळाशी कर्ज फेडणे आणि शब्द पाळणे या दोन कर्तव्यांचा विरोध आहे, आणि एरवी ही दोन्ही कर्तव्ये आपण एकच समजून चालतो.

प्रथम या व्यवहाराची रचना पाहू. विक्रेत्यामार्फत घेतलेल्या कर्जात वरवर दोनच पक्ष दिसतात, धनको आणि ऋणको. परंतु दोघांच्या मध्ये विक्रेता उभा असतो, आणि गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल बँक किंवा वित्तसंस्था त्याला जी रक्कम देते तिला त्या धंद्यात ‘पेआउट’ म्हणतात. जुन्या बाजारपेठेत तिला आपण सरळ दलाली म्हटले असते. गाडीच्या किमतीत दिलेल्या सुटीचा काही भाग याच दलालीतून भरून निघतो, म्हणूनच ‘कर्ज आमच्याकडून घ्याल तर सूट’ ही शर्त जन्माला येते. धनकोला ही दलाली परवडते ती व्याज काही काळ येत राहील या भरवशावर. तो भरवसा लवकर ढासळला, तर दिलेली दलाली परत वसूल करण्याची तजवीज संस्था आणि विक्रेता यांच्या करारात केलेली असू शकते. त्या तरुणाच्या आर्जवातील सहा हप्त्यांचा आकडा बहुधा अशाच कलमातून आलेला असतो. मात्र गिऱ्हाइकाला ते कलम कोणी वाचून दाखवीत नाही.

आता आकडे. काकांचे कर्ज ८ लाखांचे, व्याज घटत्या शिलकेवर वार्षिक ९ टक्के, मुदत ६० महिने. तेव्हा हप्ता सुमारे १६,६०७ रुपये आणि पूर्ण मुदतीचे व्याज सुमारे १ लाख ९६ हजार. पहिल्या हप्त्यात व्याज ६,००० रुपये होते. सहा हप्ते भरेपर्यंत थांबले तरी मुद्दल सुमारे ७ लाख ३५ हजार उरते, आणि भरावयाचे राहिलेले व्याज सुमारे १ लाख ६१ हजार. करारात मुदतीपूर्व फेडीवर शिल्लक मुद्दलाच्या ५ टक्के आकार लिहिला आहे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ही रक्कम ४३ हजारांच्या घरात जाते. म्हणजे आकार भरूनही सुमारे १ लाख १८ हजार देणे टळते. तो सगळाच नफा म्हणता येत नाही, कारण तीच रक्कम ठेवीत राहिली असती तर तीही काही कमावती झाली असती; पण ठेवीचा दर कर्जाच्या दराहून कमी असल्याने पारडे फेडीकडेच झुकते.

हिशेब असा निर्विवाद असताना नीतीचा प्रश्न उरतो कसा? आपल्या परंपरेत ऋण हे ओझे आहे, आणि ते लवकर उतरवणारा मनुष्य स्तुतीसच पात्र ठरतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणातील ऋणादानाच्या प्रकरणात, ऋणको फेड करू लागला असता ती न स्वीकारणाऱ्या धनकोला बारा पणांचा दंड सांगितला आहे. आणि याज्ञवल्क्यस्मृतीत, धनकोने नाकारलेले धन मध्यस्थाच्या हाती ठेवल्यास त्यापुढे त्यावर व्याज वाढत नाही, अशी व्यवस्था आहे. व्याज चालू राहावे म्हणून फेड अडवणारा सावकार हा प्राणी आधुनिक नव्हे, हे यावरून उघड होते. दुसऱ्या बाजूस १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ६० व्या कलमाने स्थावराचे गहाण सोडवून घेण्याचा हक्क दिला तो मुद्दल देय झाल्यानंतरचा. म्हणजे ठरल्या मुदतीला धनकोच्या बाजूनेही काही अर्थ आहे, हे कायद्याने ओळखले. मुदत ही ऋणकोला मिळालेली केवळ सवलत नसून दोघांमधील ठराव आहे. तो एकाने मोडायचा तर कोणत्या किमतीला, एवढाच प्रश्न उरतो.

ही किंमत रास्त केव्हा, याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांतून पुष्कळसे मिळते. २ जुलै २०२५ रोजी काढलेल्या आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या कर्जांना लागू असलेल्या निर्देशांप्रमाणे, व्यक्तीने व्यवसायाखेरीज अन्य कारणासाठी बदलत्या दराने घेतलेल्या कर्जावर मुदतीपूर्व फेडीचा आकार घेता येत नाही, मग फेडीचा पैसा कुठूनही आणलेला असो. स्थिर दराच्या कर्जाला हे अभय नाही. आणि आपल्याकडील मोटार कर्जे बहुतांशी स्थिर दराची असतात. या भेदामागे न्याय आहे. २०२५ या एकाच वर्षात रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाचवर उतरला. बदलत्या दराच्या ऋणकोचा दर त्याबरोबर खाली येतो, परंतु स्थिर दर देणाऱ्या धनकोने दर चढले असते तर तोटा सोसण्याचे पत्करलेले असते. दर उतरताच ऋणको निघून जाणार आणि चढले तर आश्रयाला राहणार, असा एकतर्फी लाभ फुकट मागणे बरोबर नव्हे. म्हणून वाजवी आकार ही शिक्षा नसून त्या लाभाची किंमत होय. मात्र ती आरंभीच दिसली पाहिजे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाबरोबर मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक झाले असून, त्यात न दाखवलेला आकार ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून वसूल करता येत नाही.

येथून पहिला निष्कर्ष निघतो: धनकोशी ऋणकोचे नाते कराराचे आहे, आणि करारात मुदतीपूर्व फेडीचे कलम व तिचा आकार लिहिलेला असताना आकार भरून फेड करणे म्हणजे करार मोडणे नव्हे, करारानेच ठेवलेल्या दुसऱ्या दाराने बाहेर पडणे होय. ज्याने त्या दाराची किंमत स्वतःच ठरवली, त्याला कोणी त्या दाराने गेल्याचे दुःख होण्याचे कारण नाही.

विक्रेत्याचे काय? या प्रश्नावर ब्रिटनमध्ये नुकताच मोठा खल झाला. मोटार कर्जांवरील गुप्त दलालीच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२५ रोजी ठरवले की, कर्ज जुळवून देणारा मोटार विक्रेता हा गिऱ्हाइकाचा विश्वस्त नसतो; तो आपले हित पाहणारा व्यापारी असतो आणि तसेच त्याला समजले पाहिजे. मात्र त्याच निकालात एका ऋणकोला दाद मिळाली, कारण त्याच्या कर्जावरील एकूण आकाराच्या ५५ टक्के रक्कम दलालीतच गेली होती आणि ती त्याला नीट कळू दिली गेली नव्हती. आपल्याकडेही मे २०२१ मध्ये, मोटार कर्जदारांना त्रयस्थांची बिगर-वित्तीय उत्पादने विकल्याच्या प्रकरणी रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला १० कोटींचा दंड केला होता. ब्रिटनमधील त्या निकालाची दुसरी बाजू मात्र सहसा कोणी उच्चारीत नाही: विक्रेता जर गिऱ्हाइकाचा विश्वस्त नसेल, तर गिऱ्हाईकही विक्रेत्याच्या दलालीचा राखणदार नाही. ज्या लाभाची गोष्ट त्याच्यापासून लपवली, त्या लाभाचे रक्षण करण्याचे कर्तव्य त्याच्यावर लादता येत नाही.

एवढ्यावर प्रश्न संपला असता, तर काकांना खातेवही घेऊन येण्याची गरज पडली नसती. त्यांच्या करारात सहा महिन्यांची अट नव्हतीच. ती होती त्यांच्या मानेच्या हालचालीत. आणि येथे मला माझ्याच युक्तिवादाला मुरड घालावी लागते. संस्थेला दिलेला शब्द कागदावर उतरतो आणि त्याची किंमत कागदच ठरवतो. परंतु माणसाने माणसाला तोंडी दिलेल्या शब्दाला असे कलम नसते, म्हणून तो मोडण्याचा आकारही कोठे छापलेला नसतो. ‘करारात लिहिलेले नाही’ हे उत्तर धनकोला पुरते. ज्याच्या समोर आपण मान हलवून पंचवीस हजारांची सूट पदरात पाडून घेतली, त्याला ते पुरत नाही. तो सहा महिन्यांचे कारण सांगत नव्हता हे खरे. पण कारण न विचारता शब्द देणारा मनुष्य शब्दातून सुटत नाही, तो केवळ महाग शब्द देतो. उलट, काही न कबूल करता मुकाट्याने सूट घेतलेल्या आणि दुसऱ्याच महिन्यात कर्ज बंद करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दोष देणार नाही. त्याने कोणालाही काही सांगितले नव्हते. आणि सही करतानाच मनात ‘पहिल्या महिन्यात बंद करायचे’ असे ठरवून तोंडाने ‘सहा महिने ठेवतो’ म्हणणाऱ्याला मात्र हिशेबाची कोणतीही मखलाशी वाचवणार नाही, कारण त्याचा दोष फेडीत नसून बोलण्यात आहे.

मी काकांना एवढेच सुचवले की, त्या तरुणाला सरळ विचारावे: कर्ज आज बंद केले तर झळ कोणाला, दुकानाला की तुला? काका गेले, विचारून आले. दुकानाची दलाली परत जाते, आणि त्या महिन्याच्या त्याच्या बक्षिशीतूनही कपात होते, असे उत्तर मिळाले. काकांनी आणखी चर्चा केली नाही. पाचवा आणि सहावा हप्ता भरावयाचे त्यांनी ठरवले. त्या दोन महिन्यांचे व्याज सुमारे ११,२७४ रुपये. सातव्या महिन्यात आकार भरून ते कर्ज बेबाक करणार आहेत.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले ते निराळ्याच पेचात. ११,२७४ रुपये खातेवहीत कोणत्या सदराखाली लिहावेत? ‘व्याज’ म्हणावे तर ते चुकवता येण्याजोगे होते. ‘दानधर्म’ म्हणावे तर ते दान नव्हते. मी सुचवलेली दोन-तीन सदरे त्यांनी नाकारली. अखेर त्यांनी पाने मागे उलटली, दसऱ्याच्या तारखेची ‘सूट : २५,०००’ ही नोंद काढली आणि तिच्याखाली बारीक, सरळ अक्षरात ११,२७४ वजा करून बाकी मांडली : १३,७२६. ‘‘खरी सूट एवढीच होती,’’ ते म्हणाले, ‘‘बाकीची मी उसनी घेतली होती.’’

पुढील लेखांकात फेडीनंतरचे सोपस्कार पाहू: धनकोचे नाहरकत प्रमाणपत्र, नोंदणी पुस्तकावरील बोजा उतरवण्यासाठी परिवहन कार्यालयात द्यावयाचा नमुना ३५, आणि पैसे देऊनही कागद न सोडवल्यास पुढे गाडी विकताना उभा राहणारा घोळ.

(क्रमशः)