प्रोसेसरची ‘प्रतीक्षा’ : एका आकड्याचा अर्थ आणि निदान

भाषेच्या अभ्यासकाचा संगणकाशी असलेला संबंध आता केवळ लेखनापुरता उरलेला नाही. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २००० साली भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानाचे केंद्र स्थापन झाले, आणि पुढे तेथे हिंदी ‘वर्डनेट’च्या आधारे मराठी ‘वर्डनेट’, म्हणजे शब्दांचे परस्पर अर्थसंबंध दाखविणारा कोश, सिद्ध झाला. अशा कामासाठी लागणारे मोठे संहितासंग्रह सर्व्हरवर ठेवावे लागतात. एकाच वेळी अनेकांनी त्यांत शोध सुरू केला की सर्व्हर मंदावतो आणि यंत्राची स्थिती दर्शविणाऱ्या कोष्टकात ‘प्रतीक्षा’ या सदराखालील टक्केवारी वाढलेली दिसते. या आकड्याचा अर्थ चुकीचा लावला गेला तर विभागाचे मर्यादित अनुदान अधिक वेगवान प्रोसेसर घेण्यात खर्ची पडते आणि विद्यार्थ्याचा शोध मात्र पूर्वीइतकाच रखडतो. म्हणून या आकड्याची फोड करणे अगत्याचे आहे.

वाट कोण पाहतो?

‘लिनक्स’ प्रणालीत ‘टॉप’ ही आज्ञा दिली असता प्रोसेसरच्या वेळेची विभागणी समोर येते. वापरकर्त्यांच्या प्रोग्रामांत गेलेला वेळ, प्रणालीच्या स्वतःच्या कामात गेलेला वेळ, रिकामा वेळ आणि ‘डब्ल्यू-ए’ या अक्षरांनी दर्शविलेली प्रतीक्षा, असे तिचे प्रमुख भाग होत. या ठिकाणी प्रश्न कर्त्याचा आहे. सदराच्या नावावरून प्रतीक्षा करणारा प्रोसेसर आहे असे वाटते. वस्तुतः प्रतीक्षा करतो तो प्रोग्राम. डिस्कवरील मजकूर मागितल्यानंतर तो हाती येईपर्यंत प्रणाली त्या प्रोग्रामला बाजूस ठेवते, आणि प्रोसेसर दुसरे कोणतेही काम हाती घेण्यास मोकळा होतो. दुसरे काम नसेल तर तो स्वस्थ राहतो. डिस्ककडील मागणी अपुरी असताना गेलेल्या या स्वस्थ वेळेलाच ‘प्रतीक्षा’ असे नाव दिलेले आहे. सारांश, प्रतीक्षा हा रिकाम्या वेळेचाच एक पोटभेद होय. तो कामाचा भार नव्हे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, हा आकडा लहान असला म्हणजे डिस्क निर्दोष आहे असे ठरत नाही. त्याच यंत्रावर गणिताचे एखादे जड काम सुरू केले तर रिकामा वेळ त्या कामात जातो आणि प्रतीक्षेचा आकडा शून्याजवळ येतो. परंतु डिस्कची गती तीच राहते आणि शोध घेणाऱ्याला तितकेच ताटकळावे लागते. दुसरी अशी की, आठ ‘कोअर’ असलेल्या प्रोसेसरवर केवळ एकच प्रोग्राम सर्वस्वी अडकून पडला, तर प्रतीक्षा साधारणतः १२.५ टक्केच दिसते. लिनक्सच्या माहितीपुस्तिकेतही हा आकडा विश्वसनीय मानू नये असा इशारा दिलेला आहे.

उपनगरातील उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपर हे मेट्रोतून मध्य रेल्वेकडे वळण्याचे मोठे ठिकाण बनले. तेथील पुलावर गर्दी अडकली आहे आणि पलीकडे तिकिटाच्या खिडकीवरचा कारकून रिकामा बसला आहे अशी कल्पना करावी. अशा स्थितीत आणखी एक खिडकी उघडून काहीही साधणार नाही. अडचण पुलावर आहे.

विलंबाचे परिमाण

मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. सरासरी अर्ध्या फेऱ्याचा आणि वाचनशीर्ष योग्य जागी नेण्याचा वेळ मिळून प्रत्येक विखुरलेल्या वाचनास साधारण १२ मिलिसेकंद पडतात. तेवढ्या अवधीत तीन गिगाहर्ट्‌झ गतीच्या प्रोसेसरची ३ कोटी ६० लाख आवर्तने होतात. सेकंदाला अशी सुमारे ८० वाचने होतात असे धरले, तर एक लाख सुट्या लहान फाइली उघडण्यास निदान २० मिनिटे हवीत. त्याच फाइली प्रत्येकी चार किलोबाइटांच्या असून एका सलग फाइलीत एकत्र केल्या, तर सेकंदाला १५० मेगाबाइट वाचणारी डिस्क ते काम तीन सेकंदांच्या आत उरकते. मजकूर तोच, यंत्रही तेच. भेद केवळ मांडणीचा आहे.

निदानाचा क्रम

प्रथम ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा द्यावी. तिच्यातील ‘बी’ या स्तंभात अडकून पडलेल्या प्रोग्रामांची संख्या असते. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे स्तंभ मुख्य मेमरीत न मावलेला मजकूर डिस्कवर ठेवणे आणि परत आणणे किती चालले आहे ते सांगतात. हे आकडे सतत मोठे असतील, तर मूळ उणीव मेमरीची आहे आणि डिस्कवरील ताण हे केवळ तिचे लक्षण आहे.

त्यानंतर ‘आयओस्टॅट’ पाहावे. त्यात प्रत्येक मागणीस सरासरी किती मिलिसेकंद लागले हे मिळते. मागण्या थोड्या असूनही विलंब मोठा असेल, तर डिस्क नादुरुस्त होत असल्याचा संशय घ्यावा, तिच्या ‘स्मार्ट’ नोंदी तपासाव्यात आणि अन्य सर्व कामांच्या आधी मजकुराची प्रत काढून ठेवावी. मागण्याच पुष्कळ असतील, तर त्या कोणाच्या आहेत हे ‘आयओटॉप’ दाखविते. पुष्कळदा त्यामागे रात्री सुरू झालेले आणि सकाळपर्यंत लांबलेले प्रत काढण्याचे काम किंवा डिस्कसमूहाची नियतकालिक तपासणी असते. मजकूर जाळ्यावरील दुसऱ्या यंत्रात असेल, तर दोष त्या यंत्रात किंवा जोडणीत असण्याचा संभव विसरू नये.

मराठी संग्रहाचा विशेष

१९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाच्या मेमरीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आज लहान सर्व्हरलाही कित्येक गिगाबाइट मेमरी असते, आणि एकदा वाचलेला मजकूर प्रणाली तिच्या मोकळ्या भागात राखून ठेवते. संपूर्ण संग्रह तेथे मावला, तर दुसऱ्या शोधाला डिस्कपर्यंत जावे लागत नाही. मराठीच्या बाबतीत येथे एक विशेष आहे. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात देवनागरीच्या बहुतेक चिन्हांस एक बाइट पुरत असे. प्रचलित ‘यूटीएफ-८’ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दातील पाच चिन्हे, म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी, मिळून १५ बाइट होतात. म्हणून इंग्रजी संग्रहाच्या अक्षरसंख्येवरून केलेला मेमरीचा अंदाज मराठी संग्रहाला अपुरा पडतो.

तेव्हा उपायांचा क्रम असा असावा : प्रथम सुट्या फाइली एकत्र करून त्यांची शब्दसूची तयार करावी, मग मेमरी वाढवावी, त्यानेही भागले नाही तर फिरत्या डिस्कऐवजी फिरते भाग नसलेली ‘एसएसडी’ घ्यावी. प्रोसेसर बदलण्याचा विचार वापरकर्त्यांच्या प्रोग्रामांचा आकडा शंभराजवळ गेल्यावरच करावा. ‘प्रतीक्षा’ या सदरातून कोठेतरी कोणीतरी खोळंबले आहे एवढेच कळते. कोण खोळंबले आणि कशासाठी, हे अन्य नोंदींवरूनच ठरवावे लागते.