शिंक आणि ‘ब्लेस यू’

रत्नागिरीतल्या आपल्या घरांतही आता कोणी शिंकले की इंग्रजी शाळेत जाणारे मूल पटकन ‘ब्लेस यू’ म्हणते. आजीला ते खटकते.

‘ब्लेस’ म्हणजे बरकत देणे, भले करणे. पूर्ण वाक्य ‘गॉड ब्लेस यू’. बोलता बोलता ‘गॉड’ गळून पडला. हे क्रियापद मुळात ‘ब्लड’शी, म्हणजे रक्ताशी जोडलेले: बळीचे रक्त शिंपडून पवित्र करणे. आज ते कोणाच्या मनातही नसते. म्हणून शाळेत मित्राला ‘ब्लेस यू’ म्हटल्याबद्दल मुलाला दटावू नये, असे आम्हाला वाटते.

घरात मात्र त्याला आपली रीत शिकवावी. शिंकणाऱ्याने ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणावे. ते ऐकून दुसऱ्याने ‘यरहमुकल्लाह’ (बाईला ‘यरहमुकिल्लाह’), म्हणजे अल्लाह तुझ्यावर रहम करो. त्यावर शिंकणाऱ्याने ‘यहदीकुमुल्लाहु व युस्लिहु बालकुम’: अल्लाह तुम्हाला हिदायत देवो, तुमची हालत सुधारो. सहीह बुखारीत हा क्रम आहे. इंग्रजीत गोष्ट ‘थँक यू’वर संपते, इथे दुआच्या बदल्यात दुआ मिळते.

आणि हिंदू शेजारी शिंकला तर? हुजूर (स.) यांच्याजवळ यहुदी शिंकत, तेव्हा आप (स.) त्यांना ही हिदायतीची दुआ देत, असे तिर्मिझीत आहे. म्हणजे त्यांच्यासाठीही आपल्याकडे शब्द आहेत.

शिंकताना तोंडावर हात किंवा कपडा धरावा, आवाज दाबावा, हीही सुन्नतच. सर्दीने सारखे शिंकणाऱ्याला मात्र दर वेळी जवाब द्यायची गरज नाही. त्याला आल्याचा काढा द्यावा.